तुम्ही विचारलंत म्हणून: नायट्रसचं प्लंबिंग मी स्वतः का केलं

माझ्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात जास्त ताकदीसाठी नायट्रस ऑक्साइड वायू सोडतो, आणि तो नि जोडीचं पेट्रोल इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला पोचवणाऱ्या नळ्या, म्हणजेच प्लंबिंग, मी स्वतः केलंय. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, प्रश्न तोच. "अरे, पैसे टाकून दुकानातून करून घे ना, आठ सिलिंडरना आठ नोझल, सोळा नळ्या, कशाला वाकवत बसतोस?" आणि काकू मंडळींचा, "पेटणार नाही ना रे ते?"

काकूंना आधी सांगतो. नायट्रस स्वतः पेटत नाही. त्यात वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३, आणि इंजिनच्या सिलिंडरमधल्या उष्णतेत तो मोकळा होतो. त्याच्या जोडीला पुरेसं पेट्रोल आलं तर ताकद, नाही आलं तर पिस्टन गेला. आणि नाही, ही गाडी मी रस्त्यावर चालवत नाही, ट्रेलरवर टाकून आयलंड ड्रॅगवेला, सरळ पट्टीवरच्या शर्यतींच्या मैदानावर, नेतो. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून जवळची इंग्लिशटाऊनची पट्टी २०१८ ला बंद झाली, ॲटको २०२३ ला गेली, म्हणून एवढं लांब जावं लागतं.

आता दुकानाचं. पहिलं प्लंबिंग दुकानातच करून घेतलं होतं, हे विचारणाऱ्यांना माहीत नसतं. नाव सांगणार नाही. नळ्या दिसायला सुंदर होत्या, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते. पट्टीच्या अर्ध्यावर इंजिनचा आवाज बदलला, मी पाय काढला, आरशात निळा धूर. घरी आणून स्पार्क प्लग काढले. सात प्लग बघण्यासारखे काही नव्हते, सहा नंबरच्या पोर्सेलिनवर मात्र मिरपूड शिंपडावी तसे बारीक करडे ठिपके, ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनचं. हेड काढलं तर वरच्या रिंगची कडा तुटून पडलेली आणि सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागेल असा ओरखडा. ब्लॉक बोअर करून घ्यावा लागला.

मग सहा नंबरच्या नोझलचा पेट्रोलचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, काढला. भोक १८ हजारांश इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ट्यूबलाइटसमोर एकेक जेट धरून बघितला, सातांतून उजेडाचा गोल ठिपका दिसतो, सहाव्यातून अर्धाच. सुईच्या टोकाने ओढलं तर पांढरा धागा आला. टेफ्लॉन टेप. नट सोडवून बघितले तर फ्लेअरच्या, म्हणजे नळीच्या फाकवलेल्या तोंडाच्या जोडाच्या, आट्यांवर टेप गुंडाळलेली. अहो, तिथे ३७ अंशांचा फ्लेअर धातूवर धातू बसून सील होतो, आटे फक्त दाबायला असतात, टेपचं काहीच काम नाही! मी दुकानात फोन केला. ते म्हणाले, टेप सगळेच लावतात, आणि तो धागा तुमच्या टाकीकडून आला असेल. मध्ये फिल्टर होता, पण सिद्ध कसं करणार. आजही त्यांच्या मते चूक माझी आणि माझ्या मते त्यांची, पैसे मात्र माझेच गेले.

"मग सेन्सर लाव ना" म्हणणाऱ्यांसाठी. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चार सिलिंडरांची सरासरी सांगतो, एक उपाशी असला तरी आकडा ठीकच दिसतो. फ्युएल प्रेशर स्विच माझ्याकडे आहे, दाब पडला की नायट्रस बंद, पण तो बघतो सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेच्या, आधीचा दाब. सहाव्या जेटमधला धागा यातल्या कुणालाच दिसला नसता. तो दिसतो फक्त एका पद्धतीने, नोझल बसवलेला मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा इंजिनचा भाग) उतरवून उघड्यावर ठेवायचा, नायट्रसची बाटली बंद, आठ नोझलखाली आठ मापाचे ग्लास, पंप चालू, आणि ग्लास शेजारी शेजारी लावून पातळी बघायची. अग्निशामक हाताशी ठेवून. दुकानाने हे केलं नव्हतं, मी विचारलं तेव्हा एवढा वेळ कुणाला आहे म्हणाले.

मला आहे. नळी कापली की आतली कड साफ करतो, मग क्लीनर, मग हवा, आणि पुन्हा हवा. लिक्विड सीलंट फक्त नोझल मॅनिफोल्डमध्ये बसतो त्या पाइप आट्यांवर, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून. स्टेनलेस वाकवलं की थोडं परत येतं, म्हणून जास्त वाकवावं लागतं, आणि बिघडलेला बाक पुन्हा सरळ करत नाही, नळी फेकतो. बायको म्हणते फेकलेल्या नळ्यांच्या पैशात दुकानाचं बिल निघालं असतं. निघालं असतं, खोटं कशाला बोलू.

नळ्या सारख्या लांबीच्याच पाहिजेत, यावरून मी पूर्वी लोकांशी तावातावाने भांडायचो. आता तितकी खात्री नाही. खरी अडवणूक जेटचं भोक करतं, दोन-चार इंच नळीने वाहता प्रवाह फार बदलणार नाही, फरक पडला तर बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी, कोणत्या सिलिंडरला आधी पोचलं एवढाच. तरी याही वेळी सगळ्या एकाच लांबीच्या केल्या, आणि ग्लासांमध्ये सातवा किंचित कमीच भरतो. जेट बदलून पाहिला, तोच कमी. नळी नवीन करू की तेवढ्या एकाला पेट्रोलचा जेट एक नंबर मोठा देऊ, ठरत नाहीये. तोवर बाटली गराजमध्येच आहे.