तुम्ही विचारलंत म्हणून: मेणाची वाळू की माती?

पुण्याच्या तबेल्यांतली नोकरी संपवून बडोद्याला परतलो तेव्हापासून दांडिया बाजारात कुणी ना कुणी अडवून विचारतंच, "काका, घोड्याला कृत्रिम ट्रॅक बरा की मातीचा?" परवा शेजारच्या सूनबाईंनी विचारलं, त्यांची लेक घोडेस्वारी शिकतेय. म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

मातीचा ट्रॅक, म्हणजे अमेरिकेतला 'डर्ट', ही आपली शेतातली माती नव्हे. वाळू, गाळ आणि थोडी चिकणमाती यांचं ते मिश्रण. खाली ठोकून बसवलेला थर, वर काही इंच भुसभुशीत. कृत्रिम ट्रॅकही वाळूचाच, पण मेण चढवलेल्या वाळूचा; त्यात धागे, कधी रबराचे तुकडे. एका जॉकीने इंग्लंडहून पिशवीत मूठभर आणली होती. दाबली तर लाडवासारखी वळली, बोटाने टोकरली की मोकळी. आमचा मोतद्दार म्हणाला, "साहेब, ही तर कढईत परतलेली दिसते!"

पाऊस पडला की मातीचा चिखल होतो. मेणाच्या वाळूतून पाणी थेट खाली उतरतं. घोड्यांचे जीवही तिच्यावर कमी जातात. अमेरिकेत २०२३ मध्ये दर हजार धावांमागे (एका घोड्याची एक शर्यत म्हणजे एक धाव) मातीवर १.४३ घोडे दगावले, हिरवळीवर १.१३, कृत्रिमवर ०.९७.

मग लोक मातीकडे परत का गेले? कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये मोठ्या रेसकोर्सांना कृत्रिम ट्रॅकची सक्ती केली. सँटा अनिटाला तो बसवला आणि नेमकं त्यातून पाणीच मुरेना. रेसचे दिवस रद्द झाले. २०१० च्या अखेरीस तिथे पुन्हा माती आली. केंटकीचं कीनलंड रेसकोर्स २०१४ ला मातीवर परतलं, दुबईचं मेदानही त्याच वर्षाच्या अखेरीस मातीवर आलं. मेण थंडीत आखडतं, उन्हात ढिलं पडतं, म्हणजे सकाळचा ट्रॅक दुपारी राहत नाही. (बडोद्याच्या मे महिन्यात काय होईल, विचारच नको.) खूर टेकल्यावर जरा घसरायला हवा, इथे तो धरला जातो, मागच्या पायांवर ताण येतो, अशी ट्रेनर लोकांची कुरकुर. ती अगदीच खोटी नसावी. पण मला विचाराल तर खरं कारण पैसा. तिथली मोठी बक्षिसं मातीवरची, त्यामुळे वळूघोड्याचा, म्हणजे पैदाशीच्या घोड्याचा, भावही मातीवरच ठरतो.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या रेस हिरवळीवर होतात. बडोद्याच्या महाराजांचा 'सयाजीराव' घोडा १९४७ साली इंग्लंडात सेंट लेजर जिंकला, तोही हिरवळीवरच. माझं मत कृत्रिमच्या बाजूने, पण रोज सकाळी ट्रॅकभर फिरून खोली आणि ओल तपासणारा माणूस असेल तरच.

सूनबाईंना एवढंच सांगितलं, लेक खोगिरावर चढण्याआधी मैदानात बोट रोवून बघा. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं नाही, तर त्या दिवशी नुसतं चालवायचं, दौड नाही.