आमची वाटचाल : ‘सोडू नये’च्या चिठ्ठीपासून डिलीटच्या वहीपर्यंत

सांगलीत मारुती चौकाजवळच्या बोळात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, म्हणजे केसा, आणि खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर. काम छापून झालं की जुळवलेलं मॅटर सोडायचं, म्हणजे खिळे एकेक करून आपापल्या खणात परत टाकायचे. खिळे मोजकेच, ते मोकळे झाल्याशिवाय पुढचं काम कशानं जुळवणार? पण पावत्या, दाखल्यांचे नमुने असं वरचेवर लागणारं मॅटर सुतळीनं बांधून गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, तसंच ठेवायचे. त्यावर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी असायची, ‘सोडू नये’. त्या मॅटरवरून कुणीही छापावं, पण चिठ्ठी काढायची ती अण्णांनीच. लहानपणी मला तो त्यांचा तोरा वाटायचा.

१९९७ला मी पहिला संगणक घेतला. पानं लावायला पेजमेकर, मराठी अक्षरांना श्रीलिपी आणि मी एकटा ऑपरेटर. २००४पर्यंत तीन मशीन झाली, ती एकमेकांना जोडली आणि माझ्या मशीनचा डी ड्राइव्ह सगळ्यांना शेअर करून टाकला. परवानगी विचाराल तर सरसकट ‘फुल कंट्रोल’, म्हणजे कुणीही काहीही बदलावं, उडवावं. शिवाय तिन्ही मशीनवर लॉगिन एकच, आणि तेही बिनपासवर्डाचं. लोडशेडिंगचे दिवस, दिवसातून चारदा मशीन चालू करायचं आणि दर वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार?

सप्टेंबर २००८. पतसंस्थांच्या वार्षिक सभांचे दिवस, त्यामुळे अहवाल छापणाऱ्याला तो महिना लग्नसराईपेक्षा जड. एका संस्थेचा ६४ पानी अहवाल प्रूफं तपासून तयार होता. एका पोरानं त्याच्या मशीनवरून फ्लेक्सची मोठी फाइल सेव्ह करायला घेतली, डिस्क फुल्ल आली. त्यानं शेअरमधला ‘अहवाल जुना’ फोल्डर उडवला. चालू अहवाल त्यातच होता, नाव मीच बदललं नव्हतं. रिसायकल बिनमध्ये बघितलं तर रिकामी. नेटवर्कवरून उडवलेली फाइल कुठल्याच बिनमध्ये जात नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं नावं दाखवली, पण आत कचरा. मोकळ्या झालेल्या जागेवर तोवर ती फ्लेक्सची फाइल जाऊन बसली होती. दोन रात्री जागून प्रुफांवरून अख्खा अहवाल पुन्हा टाइप केला. पोरगा रडकुंडीला आला होता. त्याला काय बोलणार? दार उघडं मीच ठेवलं होतं.

आधी सोपे उपाय करून पाहिले. फाइल ‘रीड ओन्ली’ केली. उडवताना विंडोज फक्त आणखी एकदा ‘नक्की?’ विचारतं, आणि घाईत माणूस ‘येस’च दाबतो. मग परवानग्यांकडे वळलो, तर प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचं पानच दिसेना. ड्राइव्ह जुन्या फॅट ३२ पद्धतीचा होता, तीत फाइलींना परवानग्या लावताच येत नाहीत; तो एनटीएफएस पद्धतीचा करावा लागला. शिवाय विंडोज एक्सपीतलं ‘सिंपल फाइल शेअरिंग’ बंद केल्यावर ते पान उघडलं. फाइलवर ‘डिलीट’ला ‘डिनाय’ची, म्हणजे मनाईची, खूण केली, दुसऱ्या मशीनवरून उडवून पाहिली, आणि गेली की! कारण वरच्या फोल्डरवर ‘फुल कंट्रोल’ होतं आणि त्यात आतल्या फाइली उडवण्याचा हक्क वेगळा धरलेला असतो. कुलूप पेटीला लावलं होतं, आणि खोलीची किल्ली सगळ्यांच्या हातात.

शेवटी घडी बसली ती अशी. ‘चालू काम’ आणि ‘छापून झालेलं’ असे दोन फोल्डर. पहिल्यात सगळ्यांना बदल करता येतात. दुसऱ्यातलं कुणीही उघडावं, कॉपी करून घ्यावं. तिथून काढायचा हक्क कुणाला नाही. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि पासवर्ड. यावर जुना ऑपरेटर आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. “मालक, इतकी वर्षं झाली, आता विश्वास उडाला व्हय?” मी म्हटलं, अण्णांच्या चिठ्ठीनं कुणाचा अपमान व्हायचा का? त्याला ते पटलं असं म्हणता येणार नाही.

खरी पटवणूक २०११च्या दिवाळीत झाली, माझ्याच हातून. ॲडमिनिस्ट्रेटर मी, सगळे हक्क माझ्याकडे. साफसफाईच्या नादात शिफ्ट-डिलीट दाबून, म्हणजे बिनमध्येही न ठेवता, लग्नपत्रिकांच्या तीन वर्षांच्या डिझाइनचा फोल्डर उडवला. तेव्हापासून मीही साध्या लॉगिननंच काम करतो. ॲडमिनिस्ट्रेटरचा मोठा पासवर्ड पाकिटात घालून सौ.च्या कपाटात असतो. मागितला की ती आधी विचारते, “कशाला हवाय?” उत्तर द्यायला लागलो की निम्म्या वेळा मलाच कळतं, नकोय.

त्याच सुमारास एका पतसंस्थेनं ‘आमच्याकडंही तसंच करून द्या’ म्हटलं आणि धंद्याला नवी फांदी फुटली. पहिल्याच कामात तोंडावर आपटलो. एक्सेलच्या फाइलींवर डिलीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन, ‘सेव्हच होईना!’ एक्सेल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल बनवतं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. जुनी काढायचीच मनाई, त्यामुळे फोल्डरभर विचित्र नावांच्या फाइली साठलेल्या. तेव्हापासून रोजच्या कामाच्या फाइलींना डिलीटबंदी करत नाही. सर्व्हरवर शॅडो कॉपी, म्हणजे फाइलींची त्या त्या वेळची आपोआप निघणारी प्रत, लावून देतो. मूळ वेळापत्रकात ती सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ला निघते. आम्ही संध्याकाळी ५ची जोडतो. आज आमची निम्मी कमाई अशा कामांची आहे. फोल्डर लपवणारी, पासवर्ड लावणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र आम्ही बसवत नाही. त्यात पासवर्ड विसरून आपल्याच फाइलींना मुकलेली माणसं जास्त पाहिलीत.

राहिला प्रश्न खरोखरच्या कचऱ्याचा. ‘रद्दी’ नावाचा फोल्डर करून बघितला, पण एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणं म्हणजे पहिल्यातून काढणंच, त्यामुळे तेही अडलं. मग टेबलावर एक वही ठेवली. काय काढायचं ते त्यात लिहायचं, शनिवारी संध्याकाळी दोघांनी बसून वाचायचं, मग सौ.कडून पाकीट. पोरं तिला ‘डिलीटची वही’ म्हणायची.

ऑगस्ट २०१९च्या पुरात दुकानात पाणी छातीच्या वर होतं. सर्व्हर गेला, कटिंग मशीन गेलं, कागद गेला. परवानग्या पाण्याला कोण सांगणार? फाइलींची दर रविवारची प्रत मिरजेला बहिणीकडे हार्ड डिस्कवर होती, तीवरून पंधरा दिवसांत काम सुरू झालं. वहीचा लगदा झाला. जूनपासूनच्या नोंदी वाचायच्या राहिल्या होत्या. काय काय काढायचं होतं ते कुणालाच आठवेना, त्यामुळे ते सगळं अजून तसंच आहे.