तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊंना का सोडलं

प्रश्न दर फेब्रुवारीत येतो. डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीकडून येणारे वर्षाच्या पगाराचे कागद, हातात पडले की फोन सुरू. टॅक्स रिटर्न भरायला सीपीए, म्हणजे इथला परवानाधारक हिशेबनीस, हवा असतो. ‘तुमचा सीपीए कोण हो? एडिसनच्या आसपासचाच सांगा, लांब जायला नको.’ मी नाव सांगते. दोन सेकंद शांतता, आणि मग खरा प्रश्न: ‘म्हणजे भाऊंकडे जात नाही तुम्ही? सोडलंत? का?’

भाऊ म्हणजे आधी आमचे टॅक्स रिटर्न भरून देणारे. या ‘का’ला मी आजवर चार उत्तरं दिली आहेत. भाऊ फार बिझी असतात. तिथे पार्किंग मिळत नाही. ह्यांच्या ऑफिसात कुणीतरी सुचवलं. नव्या बाई घराजवळ आहेत. चारही खोटी. शेवटचं तर नकाशा उघडला तरी पकडलं जाईल. भाऊंचं बेसमेंट आमच्याकडून सात मिनिटं आणि ह्या बाई पंचवीस. एकदाचं खरं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट. भाऊंनी आम्हाला फसवलं नाही. मंडळात कुठलीही गोष्ट तिसऱ्या तोंडी गेली की तिचं काय होतं हे ठाऊक आहे, म्हणून हे वर लिहिलं. २००८ ते २०१८, अकरा वर्षं त्यांनी आमचे रिटर्न भरले. दीडशे डॉलर, चहा त्यांच्याकडचा. आम्ही राहतो न्यू जर्सीत, हे नोकरीला मॅनहॅटनमध्ये. म्हणजे न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून वेगळं रिटर्न, आणि तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट जर्सीच्या रिटर्नमध्ये. यात भाऊंनी एका पैशाची चूक केली नाही. रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्यातले ते नाहीत. रिटर्नवर स्वतःची सही करायचे, खाली स्वतःचा पीटिन, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्याला मिळणारा सरकारी नंबर, टाकायचे. काही लोक पैसे घेतात आणि सहीच करत नाहीत, ‘तुम्हीच भरलंय असं दाखवू’ म्हणतात. तसं कुणी म्हणालं तर चहा अर्धा ठेवून उठा.

ते सीपीए नव्हते, एवढं खरं. ते भारतातले सीए. मंडळात सगळे ‘आपले सीए’ म्हणतात आणि ऐकणारा मधला ‘पी’ आपल्या मनाने घालतो. भाऊंनी स्वतः तो कधी घातला नाही. इथे पीटिन घेतला की पैसे घेऊन कुणीही दुसऱ्याचं रिटर्न भरू शकतं, बहुतेक राज्यांत परीक्षासुद्धा लागत नाही. सीपीएचा परवाना चार भागांची परीक्षा झाल्यावर राज्याचं बोर्ड देतं. एन्रोल्ड एजंट म्हणून आणखी एक प्रकार असतो, त्याला आयआरएस, म्हणजे इथलं केंद्रीय करखातं, स्वतः परवाना देतं. पुढे चौकशी आली तर तोही सीपीएसारखाच तुमच्या वतीने उभा राहू शकतो. नुसता पीटिनवाला तसा सरसकट उभा राहू शकत नाही. सीपीएव्हेरिफायच्या साइटवर नाव टाकलं की परवाना आहे की नाही ते फुकटात दिसतं. अकरा वर्षांत मी टाकलं नव्हतं. फ्रिज घेताना मात्र बसून बावीस रिव्ह्यू वाचले होते.

पण परवाना असता तर वेगळं काही घडलं असतं का? मला तसं वाटत नाही. आता जे लिहायचं ते इथून.

२०१८ ची दिवाळी होऊन गेली होती. बाबांचा फोन आला. ‘अगं, बँकेतून एक कागद आलाय. आपल्या खात्यात दुसरं नाव तुझं आहे ना, तर तुझा अमेरिकेतला टॅक्स नंबर मागतायत.’ फॅटका कायदा इथे २०१० चा, भारताने त्याचा करार केला २०१५ मध्ये. म्हणजे आपल्या तिकडच्या खात्यांची माहिती बँका भारत सरकारमार्फत इकडे पाठवणार. मी नंबर सांगितला. फोन ठेवला. आणि मग डोक्यात आलं, की ही माहिती ज्यांच्याकडे जाणार, त्यांना आपण अकरा वर्षं काय सांगितलंय?

वरच्या कपाटातून जुन्या रिटर्नचे गठ्ठे काढले. शेड्युल बी नावाचं पान असतं. त्याच्या तळाशी सरळ प्रश्न आहे: परदेशात तुमचं खातं आहे का? ‘नाही’वर खूण. पुढच्या वर्षी ‘नाही’. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि रिटर्नवर आमच्या दोघांच्या सह्या.

बाबांबरोबरचं खातं, माझं एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, खातं, त्यातली एफडी, आणि सात म्युच्युअल फंड. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि तो रिटर्नबरोबर नाही, वेगळा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे करपात्र. आणि भारतातल्या म्युच्युअल फंडाला इथला कायदा इतक्या वाकड्या नजरेने बघतो, की दर फंडाला दरवर्षी वेगळा फॉर्म.

मी तीन ठिकाणी फोन केले. पहिले म्हणाले, ‘या तर खरं, रिफंड बघा कसा आणून देतो.’ कागद न बघता! दुसऱ्या सीपीएंनी दोन मिनिटं ऐकून सांगितलं, ‘परदेशी खात्यांचं काम मी करत नाही.’ तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी कुणी सगळ्यात प्रामाणिक वागलं असेल तर ते हेच. तिसऱ्या या बाई. मी भडाभडा सांगायला लागले तर मध्येच थांबवलं. ‘आधी एका टॅक्स वकिलाशी तासभर बोला. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं. मला सांगितलेलं तसं राहीलच असं नाही.’ स्वतःचं गिऱ्हाईक आधी दुसरीकडे पाठवणारी बाई. त्या तासाचे चारशे डॉलर वेगळे गेले.

वकील म्हणाले, मुद्दाम लपवलं नसेल तर रस्ता आहे, स्ट्रीमलाइन्ड म्हणतात त्याला. तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, आणि बाहेरच्या पैशाच्या सगळ्यात मोठ्या वर्षअखेरच्या बेरजेवर पाच टक्के दंड. आमची बेरीज ९२,००० डॉलर, दंड ४,६००. कर आणि त्यावरचं व्याज वेगळं. बाईंची फी ३,२००. आकडे लिहिते आहे, कारण ‘एवढे पैसे घेते ती?’ असंही विचारतात.

पैशांचं मला तेवढं काही वाटलं नाही. पण त्या स्ट्रीमलाइन्डमध्ये एक फॉर्म असतो, १४६५४. तुम्ही हे का नाही सांगितलं ते त्यात आपल्या शब्दांत लिहायचं, शपथेवर. आणि एखाद्या सल्लागाराच्या भरवशावर राहिला असाल, तर त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर, आणि त्याने काय सल्ला दिला त्याचा सारांश.

बाई लॅपटॉप उघडून बसल्या. ‘त्यांनी नेमकं काय म्हटलं? त्यांचे शब्द सांगा.’

नेमकं आठवत होतं. फेब्रुवारी २००८, बेसमेंट, हीटरवर वाळत घातलेले मुलाचे मोजे. भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं होतं, ‘तिकडे काही आहे का?’ मी म्हटलं, ‘किरकोळ.’ भाऊ म्हणाले, ‘मग सोडा.’

अकरा वर्षांच्या सल्ल्याचा सारांश दोन शब्द. ते इंग्रजीत सांगितल्यावर बाईंनी विचारलं, ‘सोडा म्हणजे त्यांच्याकडे सोडून जा?’ मी म्हटलं, ‘नाही. म्हणजे, राहू द्या.’ त्यांनी टाइप केलं. मग म्हणाल्या, ‘आणि त्याआधी तुम्ही काय म्हणालात?’

किरकोळ हा शब्द इंग्रजीत सांगून बघा. ‘थोडंसं’ म्हटलं. ‘किती थोडंसं?’ तेव्हा चौदा हजार डॉलर होते. बाईंचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

मी समजावायला लागले, की आमच्याकडे हा बोलण्याचा सूर असतो. स्वयंपाक काय केलाय विचारलं तर पाच पदार्थ करून ‘काही नाही, साधंच’ म्हणतो ना, तो. ते खरंच आहे. पण दुसरंही खरं आहे, आणि ते फॉर्मवर शपथेवर लिहायचं होतं म्हणून मला स्वतःशी तपासावं लागलं. ‘तिकडचं तिकडे, इकडचं इकडे’ हे मला सोयीचं होतं. भाऊंनी आणखी विचारू नये असं वाटतच होतं. त्यांनी विचारलं नाही, म्हणून तर ते मला आवडायचे!

तेव्हाची मी इथे भांडायला उठते. म्हणते, तुला एफबार हा शब्द तरी माहीत होता का? नव्हता. मग लपवलंस कसं? विचारणं भाऊंचं काम होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. विचारणं त्यांचं कामच होतं. या बाई दर जानेवारीत सहा पानी प्रश्नावली पाठवतात, खातं, बँक, वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक, आणि रकाना रिकामा ठेवला तर फोन करतात. आणि तरी शेड्युल बीवरचं ‘नाही’ वाचता येण्याइतकं इंग्रजी मला २००८ मध्येही येत होतं.

निष्काळजीपणा, अनवधान, चूक, किंवा कायद्याचा प्रामाणिक गैरसमज: फॉर्मला यातलं काहीतरी असावं लागतं. दोन पानं लिहिली. ‘किरकोळ’ही लिहिलं. (ह्यांना कारण विचारलं तर म्हणाले, ‘ते सगळं ही बघते.’ त्यांचं तेवढ्यावर भागलं.) आणि भाऊंचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. घालू नये म्हणून मी बाईंशी पाऊण तास वाद घातला होता. त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, ‘सही तुमची असणार आहे.’ प्रत्येक दुरुस्त रिटर्नच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘स्ट्रीमलाइन्ड डोमेस्टिक ऑफशोअर’ असं लिहावं लागतं. घरात लाल पेन नव्हतं. मुलाच्या दप्तरातलं घेतलं. गठ्ठा टेक्सासला ऑस्टिनला गेला. त्यानंतर आजपर्यंत त्यावर एक अक्षर आलेलं नाही.

तर भाऊंना का सोडलं? सल्ला चुकला म्हणून नाही. त्यांचं नाव मी त्या कागदावर लिहिलं, आणि त्यानंतर त्यांच्या हातचा चहा मला घेता आला नसता. हे पाचवं उत्तर. फोनवर सांगता येत नाही, म्हणून पार्किंग सांगते. त्यांना याची गंधवार्ता नाही. त्यांच्याकडे कुणी चौकशीलाही आलेलं नाही, आलं असतं तर कळलं असतं.

गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर भेटले. तब्येत थोडी उतरली आहे. म्हणाले, ‘अहो, तुमच्या त्या बाईंचा नंबर द्या की. एका क्लायंटचं तिकडचं जरा गुंतागुंतीचं झालंय.’

मी नंबर दिला. क्लायंट कोण, ते विचारलं नाही.