सरत्या वर्षाच्या सह्या

मी सही देवनागरीत करते. बँकेत पहिलं खातं उघडताना बाबांनी तशी करायला लावली, पुढे तीच पासपोर्टवर गेली आणि आता हाम्बुर्गमध्येही चालते. शिरोरेघ मात्र मी अगदी शेवटी ओढते. त्यामुळे अक्षरं लिहून झाली की समोरच्याला वाटतं, झाली सही, आणि तो कागद ओढायला हात पुढे करतो. सरत्या वर्षात हे इतक्या वेळा झालं की हिशेब मांडायला बसले तर महिने आठवत नाहीत, टेबलं आठवतात.

पहिलं टेबल फेब्रुवारीतलं. कंपनीतल्या बाईंनी गोड बोलत एक कागद पुढे सरकवला. आउफहेबुंग्सफरत्राग, म्हणजे दोघांच्या संमतीनं नोकरी संपवण्याचा करार. वर थोडे पैसे. अशा कागदावर सही केली तर 'नोकरी तुम्हीच सोडलीत' असं धरून बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो, हे एका मैत्रिणीनं आधीच कानावर घातलं होतं. मोठ्या माणसानं कागद पुढे केला की सही करून मोकळं व्हायचं, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. मी पेन खाली ठेवलं तेव्हा हात चक्क थरथरत होता. आठवड्याभरात काढून टाकल्याचं पत्र आलंच. इथे ते ईमेलनं पाठवून भागत नाही, कागदावर शाईची सही लागते. माझं सगळं विस्कटलेलं असताना, समोरच्यालाही निदान पेन उचलावं लागलं याचं मला उगाच बरं वाटलं.

आईला मी मेपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा भत्त्याचंही सांगितलं: हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असतं तर ६७. आई म्हणाली, "घरबसल्या? मग तू रडतेस कशाला?" तिला कसं समजवायचं, की नोकरीवर तर इथलं राहणंच टांगलेलं असतं.

गाडीच्या परवान्याचीही रड होतीच. भारतातला परवाना इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो, मग लेखी आणि गाडी चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा. मार्चमध्ये मी नापास झाले. उजवीकडे वळताना आरशात पाहिलं, पण मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं नाही, आणि मागून सायकल येत होती. पुण्यात १० वर्षं दुचाकी चालवलेल्या बाईला 'मागे बघा' म्हणून नापास करतात! जुलैमध्ये मानेला रग लागेपर्यंत मागे पाहिलं आणि पास झाले.

पण या वर्षाचं खरं टेबल जूनमधलं, भारतीय वाणिज्य दूतावासातलं.

वाईचं आमचं घर विकायचं ठरलं. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेचा पूर कापायला. बाबा लहानपणी ती दाखवायला न्यायचे. आमच्या घराची मागची भिंत साधी मातीची, ती या पावसाळ्यात टिकणार नव्हती. काकांचा फोन आला, "तुझी सही लागेल गं. कुलमुखत्यारपत्र करून पाठव." आत्यांच्या वेळी सही लागायची ती हक्कसोडपत्रावर, आणि त्यांनी ती मुकाट्यानं केलीही. बाबा गेल्यावर त्यांचा वाटा आई, दादा आणि मी अशा तिघांवर आला. म्हणजे मी त्या घराची मालकीण होते, आणि हे मला कळलं ते घर विकताना.

कागदात चतुःसीमा लिहिलेल्या होत्या. पूर्वेस बोळ, दक्षिणेस शेजाऱ्यांची भिंत. बाहेर हाम्बुर्गचा बारीक पाऊस, आत मी तो बोळ वाचतेय. त्या बोळात मी सायकल शिकले, हे चतुःसीमेत कुठे लिहिणार? सही अधिकाऱ्यासमोरच करायची होती. मी अक्षरं काढली. हात थांबला. त्यानं कागद ओढला नाही. शिरोरेघ बाकी आहे हे त्याला दिसत होतं. मागे रांग होती, तरी तो काही बोलला नाही, थांबला. मग मी रेघ ओढली.

ट्रेनमध्ये बसून रडले. काकांना मेसेज केला, 'झालं'. त्यांनी लगेच विचारलं, कुरिअर कुठलं?

सप्टेंबरमध्ये नवी नोकरी लागली. पगार थोडा कमी, माणसं बरी. वर्षातली सगळ्यात आनंदाची सही मात्र करायलाच मिळाली नाही. करार ऑनलाइन आला, मी बटण दाबलं आणि माझं नाव रोमन लिपीतल्या वेलबुट्टीदार अक्षरांत आपोआप उमटलं.

गेल्या आठवड्यात टपालपेटीत चिठ्ठी सापडली: तुमचं पार्सल शेजारी दिलं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या वतीनं सही करून घेतलं होतं. काकांनी वाईहून पाठवलेलं. उघडल्याशिवाय आजी काही जाऊ देईनात. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली दिंडी दरवाजाची पितळी कडी.

"हे काय?"

"दाराची कडी."

"आणि दार?"

घर विकण्याबद्दल बोलायला पुरेल एवढं जर्मन मला येतं. तरी बोलता येईना. आजींनी कडी हातात घेतली आणि टेबलावर दोनदा वाजवून पाहिली.