जुना पिक्चर हाउसफुल्ल

"हा पिक्चर सगळ्यांच्या घरी असतो, तरी दर डिसेंबरला येतात." तिकीट तपासणारा मुलगा आज सहज बोलून गेला.

इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातलं थिएटर. आम्ही बघायला गेलेल्या नव्या पिक्चरला जेमतेम दोन रांगा भरलेल्या. शेजारच्या पडद्यावर १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा नाताळचा अमेरिकन पिक्चर, आणि तिथं एक खुर्ची रिकामी नाही. आजीआजोबा, मधली पिढी, नातवंडं, सगळे.

ब्रिटनमध्ये नाताळच्या आधीचे दिवस नव्या चित्रपटांना जडच. लोक खरेदीत, ऑफिसच्या पार्ट्यांत. २५ तारखेला तर बहुतेक थिएटरं बंद. म्हणून बरेच मोठे पिक्चर नोव्हेंबरातच येतात. २०२४ मध्ये ‘पॅडिंग्टन इन पेरू’ ८ नोव्हेंबरला लागला, ‘विकेड’ २२ ला, ‘मोआना २’ २९ ला. शाळांच्या सुट्टीपर्यंत तग धरायचा, असा हिशोब.

त्या जुन्या सिनेमाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. तरी घरचा टीव्ही सोडून, थंडीत बाहेर पडून, एकत्र डोळे पुसायला येतात. मला हे फार मोलाचं वाटलं.

दिवाळीत एखादा जुना मराठी चित्रपट दरवर्षी असा मोठ्या पडद्यावर लागला, तर कोणता लागावा? आणि तुम्ही कुणाला घेऊन जाल?