दमलेल्या माणसाचा टेलिफोन

रणांगणावर सैनिक वापरत त्या फील्ड टेलिफोनला डायल नाही, आकडे नाहीत. बाजूला एक हँडल, आत एक घंटी, एकदोन सेल आणि तारा अडकवायला दोन टर्मिनल. हँडल फिरवलं की पलीकडं घंटी वाजते, तिथला माणूस रिसिव्हर उचलतो. अमेरिकन ईई-8 घ्या, जर्मन एफएफ-33 घ्या किंवा त्याच्यावरूनच बेतलेला सोव्हिएत टीएआय-43 घ्या, कारभार एवढाच. पण अशी पेटी सुटी करून पुन्हा जोडायला बसलं की ती बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते कळायला लागतं. रात्रभर जागलेला, बोटं गारठलेला, दिवा लावायची सोय नसलेला माणूस.

हँडलचंच बघा. आत नालाच्या आकाराचे लोहचुंबक आणि त्यांच्यामध्ये फिरणारं तारेचं वेटोळं. आपण हँडल सावकाश फिरवतो, दात्यांच्या चाकांमुळे वेटोळं मात्र गरगर फिरतं आणि 80-90 व्होल्टचा प्रवाह तारेवर जातो. (टर्मिनल बोटांत धरून हँडल फिरवायला मित्राला सांगणं हा फार जुना आणि फार वाईट विनोद आहे.) खरी गंमत त्या दांड्याच्या टोकाशी असते. फिरवताना काही कॉन्टॅक्ट आपोआप हलतात, जनित्र तारेला जोडलं जातं आणि आपली स्वतःची घंटी बाजूला होते. हात थांबला की सगळं जागेवर, म्हणजे पलीकडून येणाऱ्या घंटीसाठी फोन तयार. बटण दाबायचं नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. बहुतेक ‘मेलेल्या’ फोनांचा जीव याच कॉन्टॅक्टमध्ये अडकलेला असतो. साध्या कागदाची पट्टी त्यांच्यामधून दोनचारदा ओढली तरी पुष्कळदा भागतं. पॉलिश पेपर वापरला की वरचा चांगला मुलामा गेलाच म्हणून समजा. आणि वेटोळं चुंबकातून सरळ ओढून काढू नये. चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडी पट्टी बसवल्याशिवाय ते काढलं तर जुन्या पोलादी चुंबकाची ताकद उतरते आणि घंटी मलूल होते.

बोलण्याची वीज वेगळी. ती सेलमधून येते, ईई-8 मध्ये दोन सेलचे 3 व्होल्ट, एफएफ-33 मध्ये दीडच. मायक्रोफोनच्या डबीत कार्बनचे बारीक कण भरलेले असतात. आवाजानं पडदा थरथरतो, कण दाबले जातात, सैल होतात आणि त्यांच्यातून जाणारा प्रवाह तसा कमीजास्त होतो. कुठलाही व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असे ती काचेची नळी) नसताना हा एक वर्धकच, म्हणजे आवाज मोठा करणारा, आहे, कारण तारेवर जाणारी ताकद घशाची नसते, सेलची असते. वर्षानुवर्षं पडून राहिलं की कण ओल धरतात, घट्ट बसतात आणि माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. डबी तळहातावर हलकेच आपटणं हा उपाय गावठी वाटतो, पण चालतो. रिसिव्हरच्या मुठीत दाबून धरायची कळही अशीच कुणाची तरी काळजी करून ठेवलेली. दाबल्याशिवाय मायक्रोफोनला सेल लागतच नाही. रिसिव्हर हातात धरून डोळा लागला तरी सकाळी सेल शाबूत.

टर्मिनल स्प्रिंगचे, तार खुपसायला पाना लागत नाही. झाकणाच्या आत बहुधा जोडणीचा नकाशा असतो. पेटी चकचकीत करण्याच्या नादात तो कागद खरवडून काढणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही.

एवढा विचार पेटीचा, पण पेटीच्या बाहेर सगळी भिस्त तारेवर. पहिल्या महायुद्धात पुष्कळ ठिकाणी एकच तार टाकत आणि प्रवाहाच्या परतीचं काम जमिनीवर सोपवत. जमीन मात्र गुपित ठेवत नाही. समोरच्या खंदकातले लोक मातीत सळया ठोकून, वर्धक लावून बोलणं ऐकायला लागले. 1915 साली कॅप्टन फुलर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्यावर तोड काढली. त्याच्या फुलरफोनमध्ये तारेवर अगदी क्षीण एकदिश प्रवाह जाई आणि मोर्सचा (ठिपके-रेघांच्या संदेशाचा) आवाज ज्याला संदेश धाडला त्याच्या यंत्रातच तयार होई. चोरून ऐकणाऱ्याच्या कानावर काही पडत नसे.

टेबलावर हातभर तारेनं जोडलेले दोन फोन नेहमीच छान बोलतात. म्हणून दुरुस्त झालेला फोन लांब तारेवर, शक्यतो ओल्या गवतातून नेऊन तपासावा. पुढं वापरात आलेल्या डब्ल्यूडी-1 या अमेरिकन तारेच्या प्रत्येक पदरात 4 धागे तांब्याचे आणि 3 पोलादाचे असतात: तांबं बोलण्यासाठी, पोलाद ओढाताण सोसण्यासाठी. तरीही ती तुटतेच, तोफगोळ्यानं किंवा आपल्याच गाडीच्या चाकाखाली. लाइनमनची पद्धत सरळ आहे. वाटेत कुठंही तारेला फोन लावायचा आणि दोन्हीकडं घंटी द्यायची. जिकडून उत्तर येत नाही, तिकडं चालू लागायचं. तुटलेलं टोक सापडलं, गाठ मारून पट्टी गुंडाळली, की पुन्हा दोन्हीकडं घंटी द्यायची, कारण तेवढ्यात तार तिसरीकडं तुटलेली असू शकते.