अनोळखी माणसाला फोन द्यावा का?

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या ओळीत आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. परवा शेजारच्या एका दुकानदारांनी नवीन पाटी लावली. 'अनोळखी व्यक्तींना फोन दिला जाणार नाही. बॅग ठेवून घेतली जाणार नाही.' लॅमिनेशनला ती माझ्याकडेच आली होती. मशीनमधून बाहेर येईपर्यंत मी ती वाचत होते आणि मला फार वाईट वाटलं. त्या दुकानदारांचा राग आला नाही, कारण त्यांच्यावर काय गुदरलंय ते मला माहीत आहे. गावाकडं लावायचाय म्हणून एका पोरानं त्यांचा फोन घेतला, जरा बाजूला जाऊन बोलला, आणि संध्याकाळी त्यांच्या खात्यातून पैसे गेलेले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत.

मोबाइल यायच्या आधी आमचं दुकान एसटीडी-पीसीओ होतं. काचेच्या दाराचं केबिन, काउंटरवर लाल आकडे पळणारा मीटर. राधानगरी, गगनबावडा, चंदगड भागातली माणसं पेशंटला सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, दाखल करून गावी निरोप द्यायला यायची. गावात फोन एखाद्याच घरी. 'आमच्या म्हातारीला बोलवून आणा, धा मिन्टांनी परत लावतो,' असं सांगून माणूस बाकड्यावर बसून राहायचा. म्हातारी यायची, रडायची, बोलणं लांबायचं आणि मीटर खिशातल्या पैशांच्या पुढं जायचा. मग माझे सासरे वहीत लिहून घेत. नाव नाही, आडनाव नाही. 'सरवडे, टोपीवाले, ११ रु.' 'आजरा, बाळंतिणीचा भाऊ, साडेसहा.' बहुतेकांनी पैसे आणून दिले, काहींनी नाही. मी नवीन सून होते, मला ते खटकायचं. एकदा विचारलं तर सासरे म्हणाले, "ज्येचं पेशंट गेलं आसंल, त्यो ह्या वाटंनं परत कशाला यील?"

बुडालेल्या पैशामागं आधी दुःख असेल असं धरून चालणारा माणूस मी त्यांच्यानंतर फारसा पाहिला नाही.

पण पूर्वी सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. पूर्वीचा विश्वास बऱ्याचदा ओळख काढून झाल्यावरचा असायचा. "पाव्हणं, गाव कंचं? कुणाच्यातलं?" या दोन प्रश्नांत गाव, भावकी, जात सगळं कळायचं आणि मग पाण्याचा तांब्या पुढं यायचा, किंवा यायचा नाही. याच शहरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्या हातचा चहा प्यायला कोणी तयार नव्हतं. शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायले, तेव्हा इतरांचे पाय तिकडं वळले. त्या काळच्या लोकांना गंगाराम कांबळे कोण हे पुरतं माहीत होतं, अडलं होतं ते माहीत असण्यानंच. म्हणून मला वाटतं, ओळख निघाल्यावर केलेली मदत ही अनोळखी माणसाला केलेली मदत नव्हेच. काहीच न विचारता मदत करणारी माणसं तेव्हाही थोडी होती. ती आणखी कमी होत चालली आहेत, माझी तक्रार एवढीच आहे.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आली. कडेवर तापानं फणफणलेलं पोर, हातात भिजलेली पिशवी, मोबाइल बंद पडलेला. नवरा गांधीनगरच्या एका गोदामात हमाली करतो, त्याला फोन लावायचा होता. माझ्याकडं येण्याआधी ती तीन ठिकाणी विचारून आली होती. एकानं चार्जिंग पॉइंट बंद आहे म्हणून सांगितलं, एकानं मान हलवली, एकानं आधार कार्ड मागितलं. आधार कार्ड, एका फोनसाठी! आणि तिनं ते पिशवीतून काढून माझ्याही समोर धरलं, मी मागायच्या आत. "वैनी, खोटं न्हाई वो बोलत," म्हणाली. तापलेलं पोर कडेवर असताना आईला आपण चोर नाही हे आधी सांगावं लागतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

फोन लावून दिला. फसवणुकीची भीती मलाही आहे, म्हणून मी एक पद्धत ठेवली आहे. नंबर त्यांनी सांगायचा, डायल मी करायचा, स्पीकर चालू ठेवायचा, फोन काउंटरवरच राहील. स्टारनं सुरू होणारा कुठलाही नंबर मी लावत नाही, कारण त्यातून आपले कॉल दुसरीकडं वळवता येतात. मेसेज आला तर कुणालाही दाखवत नाही. एवढं सांभाळलं तर धोका अगदी थोडा उरतो. शेजारच्यांनाही मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं एकदा गेलं की तुम्हीपण पाटी लावाल." लावणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. एखादा फसवून गेला तर त्याची शिक्षा पुढच्या शंभर खऱ्या माणसांना द्यायची नाही, हे मी पक्कं ठरवलंय.

संशय वाढत गेला की तो कुठं जातो ते आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. डवरी गोसावी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. ते पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, बस्स. रस्ता विचारणं! स्टँडवर दिवसाकाठी माझ्याकडं कितीतरी जण जोतिबाची गाडी कुठं लागते, रंकाळ्याला कसं जायचं हे विचारतात. लवंग्याची बातमी वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की अनोळखी मुलखात रस्ता विचारायलाही माणसाला समोरच्याच्या चांगुलपणावर भिस्त ठेवावी लागते.

यावर कोणी म्हणेल, कोल्हापूरकरांना माणुसकी शिकवू नका, महापूर आठवा. आठवतो की. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, तिथली धोका पातळी ४३ फूट. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी पाण्यात. शिरोलीजवळ हायवे बंद, ट्रकांच्या रांगा. आपली भाषा न येणाऱ्या ड्रायव्हरांना आसपासच्या गावांनी भाकरी-आमटी पोचवली. तालमींची पोरं दोर बांधून पाण्यात उतरली. कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. मला त्या दिवसांचा अभिमान आहे, आणि म्हणूनच प्रश्न पडतो की तीच माणसं, तेच शहर, मग एरवी काय होतं?

खूप विचार केल्यावर माझ्यापुरतं उत्तर असं आलं. पुरात पाणी सगळ्यांनाच दिसत होतं. कुणाला आपलं संकट सिद्ध करावं लागलं नाही. एकट्या माणसाचं संकट मात्र फक्त त्याच्या तोंडून कळतं, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय आपली मोडली आहे. शिवाय पुरात सगळेच धावत होते. एकट्यानं पुढं होताना माणूस आधी आजूबाजूला बघतो, बाकीचे का थांबलेत म्हणून, आणि बाकीचे त्याच्याकडं बघत असतात.

तावडे हॉटेलजवळच्या अपघातात मी हेच पाहिलं. दुचाकीवरचा मुलगा पडलेला, भोवती कडं, चार-पाच मोबाइल वर धरलेले. १०८ ला फोन कुणी केला होता का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी आमच्या स्टँडवरच्या एका रिक्षावाल्या दादांनी पोराला उचललं. नंतर ते मला म्हणाले, "वैनी, हात थरथरत हुता. मागं एकदा असंच एकाला घिऊन गेलतो, तर मलाच रातभर ठाण्यात बशिवलं."

ही भीती आता धरायचं कारण नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना देशभर लागू केल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि २०२० मध्ये नियम आले. चांगल्या हेतूनं जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दावा किंवा गुन्हा लागत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. हे हक्क सांगणारा फलक दवाखान्याच्या दारात लावणं बंधनकारक आहे. आपल्या जवळच्या दवाखान्यात तो आहे का, जाताना जरूर बघा. नसेल तर विचारा.

त्या दादांना मी हे सगळं मराठीत एका पानावर टाईप करून दिलं आणि लॅमिनेट केलं. त्यांनी ते रिक्षात मीटरच्या वर अडकवलंय. मग त्यांच्या स्टॉपवरच्या बाकीच्यांनी मागितलं, मग एक एसटीचे कंडक्टर घेऊन गेले. आता काउंटरवर डाव्या हाताला गठ्ठाच ठेवलाय. रिक्षावाले, डिलिव्हरीची पोरं, एमआयडीसीला रोज गाडीवरून जाणारे, ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावं. पैसे घेत नाही. आणि मोबाइल बंद पडला असेल तर काउंटरवरून फोनही लावून मिळेल, आधार कार्ड पिशवीतच राहू द्या.